मानपत्रवाले मुन्शीजी

सरकारी नोकरांनी निरोपाच्या वेळी मानपत्र स्वीकारू नये, असं परिपत्रक कचेरीत आलं. तो सोमवार होता. मुन्शीजींकडे त्या दिवशी तीन मानपत्रं लिहून झाली होती. संध्याकाळपर्यंत ती न्यायला कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही.

मुन्शीजी मानपत्रं लिहून जगत. आज कुणाला हे खरं वाटणार नाही, म्हणून थोडं सांगते. धाराशिवात त्या काळी बदल्यांचा सुकाळ होता. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग हैदराबादकडचे अधिकारी गेले. पुण्या-मुंबईकडचे आले, तेही इथलं पाणी मानवत नाही म्हणून तीन वर्षांत परत गेले. जो जाई त्याला निरोप समारंभ. निरोप समारंभ म्हटला की हार, नारळ, चिवडा आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. हार फुलवाल्याचा, चिवडा हॉटेलातला आणि मानपत्र मुन्शीजींचं. मामलेदार, डॉक्टर, ओव्हरसियर, जनावरांचे डॉक्टर, पोस्टमास्तर, सगळे त्यांच्या शब्दांत धाराशिव सोडून गेले.

ते तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले थोरले. देवीच्या पूजेत त्यांच्या वाट्याची पाळी होती, ती धाकटा भाऊ सांभाळी. मुन्शीजी लहानपणीच उर्दू शिकले आणि तहसिलीत कारकून झाले, म्हणून मुन्शीजी. पुढं कचेरीचा कारभार मराठीत आला. बाकीचे कारकून मराठी टिपणं लिहायला शिकू लागले आणि मुन्शीजींनी, ज्यांना मराठी सगळ्यात चांगलं येत होतं, राजीनामा दिला. कारण विचारलं की म्हणत, "कचेरीत उर्दू होती तोवर मी आत बसून नकला केल्या. आता माझी भाषा आलीय. तिच्यात बी नकलाच करायच्या काय?"

आई आणि मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेलो तेव्हा मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. आठ दिवसांनी मुन्शीजी दारात उभे. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, हातात कागद.

"बाई, तुमच्या शाळेवरनं जाताना खिडकीतनं फळा बघितला. ते अक्षर तुमचं का?"

"हो."

"मग हे लिवून द्या. माझं अक्षर मोडीत वाढलं, उर्दूत बिघडलं. साहेबाच्या बैठकीत टांगायच्या लायकीचं न्हाय."

तेव्हापासून पुढची सहा वर्षं धाराशिवातल्या सगळ्या साहेबांची स्तुती माझ्या अक्षरात आहे. मजकूर काळ्या शाईत, नाव तांबड्या. मोबदला मी घेत नसे. काकूंच्या, म्हणजे मुन्शीजींच्या बायकोच्या, हातचं लोणचं मात्र आमच्याकडे कधी संपलं नाही.

मुन्शीजी उभे राहून लिहीत. भिंतीतल्या फडताळाची मधली फळी त्यांच्या छातीला लागे. तिच्यावर दौत, टाक, कागद. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पाठीचं काही दुखणं असेल. विचारलं तर म्हणाले, "मानपत्र वाचणारा उभा. घेणारा हात जोडून उभा. मग लिवणाऱ्यानंच का म्हणून बसायचं?" त्यात व्यवहारही होता. लिहिता लिहिता आपले पाय दुखू लागले की मजकूर पुरे झाला, असं ते धरीत. गुडघेदुखीच्या एका साहेबांसाठी त्यांनी एका पायावर उभं राहून लिहिलं, आणि मानपत्र अर्ध्या पानात आटोपलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी आवर्जून आभाराची चिठ्ठी पाठवली.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात विशेषणं असत. एकेका चिठ्ठीवर एकेक विशेषण आणि मागं ते कुणाला, कधी दिलं त्याची नोंद. एका गावात एकच विशेषण तीन वर्षांच्या आत दुसऱ्याला द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. साहेबांच्या बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात, भिंतीवरच्या चौकटी वाचत, आणि "आमच्यांना जे लिहिलं तेच यांना" असं झालं की बोलणं मुन्शीजींपर्यंत येई.

एकदा बांधकामाकडचे हेडक्लार्क आले.

"मुन्शीजी, आमच्या साहेबांना 'कर्तव्यदक्ष' पायजे."

"मिळणार न्हाय. ते आरोग्य खात्याला गेलंय."

"कधी?"

"श्रावणात."

"मग हाय काय तुमच्याकडं?"

मुन्शीजींनी डब्यातल्या चिठ्ठ्या चाळल्या. "'मनमिळाऊ' हाय."

"मनमिळाऊ कसं चालंल? साहेब चार वर्षांत कुणाशी बोललेच न्हाईत."

"मग 'मितभाषी' घ्या की!"

हेडक्लार्क विचारात पडले, आणि 'मितभाषी' घेऊन समाधानानं गेले.

आतल्या खोलीतून काकू हे सगळं ऐकत. "डबा भरून विशेषणं," त्या मला म्हणायच्या, "आन तीस वर्षं माझी भाकरी खाल्ली, तिला एक न्हाय."

"भाकरीची बदली झाली की लिवतो," मुन्शीजी बाहेरूनच उत्तर देत.

हसण्यावारी न्यावा असा हा माणूस होता, आणि लोक नेतही. पण मी त्यांची कच्ची पानं पाहिलेली आहेत. प्रत्येक मानपत्राच्या कच्च्या पानात एका वाक्याखाली शिसपेन्सिलीची रेघ असे. ते वाक्य खरं. बाकीच्याला ते मखर म्हणत. "मखर कितीबी मोठं करा बाई, झिरमिळ्या लावा, आरसे लावा. आत गणपती पायजे. बोटभर का असंना." या बोटभर गणपतीसाठी ते चार-चार दिवस हिंडत. ज्याला निरोप द्यायचा त्याच्या शिपायाला विचार, धोब्याला विचार, टांगेवाल्याला विचार. या माणसाचं एक चांगलं सांगा, पण घडलेलं सांगा. ते मिळेपर्यंत टाक उचलत नसत. समारंभ उद्यावर आलेला, कचेरीतली माणसं दारात घामाघूम, आणि मुन्शीजी बाजारात भाजीवालीपुढं उकिडवे बसलेले, असं मी पुष्कळदा पाहिलं.

एका साहेबांच्या वेळी मात्र त्यांना काहीच सापडेना. त्यांचं खातं मी सांगत नाही. साहेब वारले, मुलं-नातवंडं आहेत. त्या माणसाला सगळा जिल्हा भीत असे. शिपाई म्हणाला, "चांगलं? मला आठवू द्या," आणि दोन दिवसांनी, "न्हाय आठवत." धोबी नुसता हसला. चौथ्या दिवशी मुन्शीजी हताश होऊन कचेरीच्या ओट्यावर बसले होते. शेजारी दावा हरलेला एक म्हातारा साहेबाचा निकाल उलगडून बसला होता. मुन्शीजींनी तो कागद मागून घेतला, वाचला आणि तडक घरी येऊन फळीपुढं उभे राहिले.

निरोपाच्या दिवशी ते वाक्य वाचलं गेलं. मला पाठ आहे. "आपली स्वाक्षरी सदैव सुवाच्य होती, अमुक हुकूम कोणी दिला, हे शोधत बसण्याची वेळ आपण जनतेवर कधी आणली नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकून हसू दाबलं. हेडक्लार्कचा चेहरा पांढरा पडला. साहेब हात जोडून उभे होते, तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीप आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबली. साहेब स्वतः चालत आले. काकू धावत आत गेल्या, मला वाटलं आता काय होतंय कोण जाणे. साहेबांनी एवढंच विचारलं, "सहीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. बघितली."

"आमच्या वडिलांना सही येत नव्हती. अंगठा देत," साहेब म्हणाले. "मी नोकरीला लागलो तेव्हा म्हणाले, सही अशी कर की मला वाचायला आली नाही तरी ओळखायला आली पाहिजे." एवढं बोलून ते गेले. चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मुन्शीजी मला म्हणाले, "बघा. मखराकडं बघितलं बी न्हाय."

आणि मग ते परिपत्रक आलं.

आठवड्याच्या आत तुळजापूरहून धाकटे भाऊ आले. गोरे, भरदार, बोलके गृहस्थ. कपाळी मळवट, हातात देवीचा प्रसाद. बातमी त्यांना यात्रेकरूंकडूनच कळली होती.

"दादा, आता चला घरी."

"येऊन काय करू?"

"पाळी तुमची हाय. यजमान येतेत, त्यांची पूजा करून द्यायची, आशीर्वाद द्यायचा, नावगाव वहीत लिवायचं. लिवायची हौस तितं बी फिटंल."

"आशीर्वाद सगळ्यांना एकच असतो ना?"

"एकच. बदलून कसं चालंल?"

"मग ते मला जमायचं न्हाय."

भाऊ चिडले नाहीत. त्यांचं दादांवर प्रेम होतं, आणि ते चुकीचंही बोलत नव्हते. "तुमी लिवून जगतो म्हणून घर सोडलंत," ते म्हणाले. "लिवून जगत होता तोवर आमी गप बसलो. आता वहिनींनी काय खायचं?" अखेर दसऱ्यापर्यंतची मुदत ठरली. तोवर लेखणीवर घर चाललं तर ठीक, नाहीतर दसऱ्याला बोचकं बांधून तुळजापूर.

भाऊ गेल्यावर मुन्शीजी पहिल्यांदाच मला थकलेले दिसले. पण दुसऱ्या दिवशी फळीपुढं उभे होते.

त्या काही महिन्यांत त्यांनी मिळेल ते लिहायचं ठरवलं. सोलापूरच्या एका पुस्तकविक्रेत्याला शाळेच्या मुलांसाठी निबंध हवे होते. पहिला विषय 'गाय'. कुणीही पाच मिनिटांत लिहिला असता. मुन्शीजी बोळातल्या गवळ्याच्या गोठ्यात जाऊन तीन सकाळी बसले, एकदा लाथ खाल्ली आणि लिहिलं: "ही गाय दूध देत नाही. दोन वर्षांपासून देत नाही. तरी घरातली माणसं उठल्यावर आधी तिच्याकडे जातात, मग चुलीकडे." पुढं तीन पानं त्याच गाईबद्दल. पुस्तकविक्रेत्याचं कार्ड आलं: "असा निबंध लिहून मुले नापास होतील." खरं सांगायचं तर तेव्हा मीही त्याला दहापैकी तीनच दिले असते.

तंबूतल्या सिनेमाची जाहिरात त्यांनी सिनेमा बघून लिहिली. मध्यंतरानंतर उठून गेलं तरी चालेल, असं तिच्यात होतं. लग्नाची मंगलाष्टकं मागायला एक वरबाप आले, त्यांना त्यांनी विचारलं, "मुलाचं एक खरं सांगा." वरबापांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मुलाला राग लवकर येतो पण तितकाच लवकर जातो. मुन्शीजींनी ते शार्दूलविक्रीडितात बसवलं. लग्नघरून निरोप आला की अष्टकं फार छान झाली आहेत, पण तूर्त नकोत.

चाचा म्हणजे चौकटी करणारे, मुन्शीजींचे जुने मित्र. कोपऱ्यावरच त्यांचं दुकान. ते येऊन ओट्यावर बसत. "मुन्शी, मेरी काच कू कुछ भी चलता. देवी का फोटू चलता, दुल्हे का फोटू चलता. तेरे कागदकू साहेबच होना! थोडा झूट लिख रे."

"लिवतोच की. मखर सगळं झूटच असतं."

"फिर वो एक बात भी झूट लिख. क्या फरक पडता?"

त्या महिन्यात काकूंनी चहा करणं बंद केलं. आईनं विचारलं तर म्हणाल्या, पित्त होतं. मुन्शीजींनाही पित्त होतं का, हे आईनं विचारलं नाही.

आषाढात एक दिवस येडशीच्या वाटेवरच्या गावाहून एक शेतकरी आले. साठीचे, मोठा फेटा, पायांत करकरीत वहाणा. गावात त्यांना आबा म्हणत. मी तेव्हा तिथंच पुस्तक परत द्यायला गेले होते.

"मानपत्र लिवत्यात ते हितंच का?"

"बसा. कुणाला निरोप द्यायचाय?" मुन्शीजींच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता.

"सोन्याला."

"आडनाव?"

"आमचंच म्हणा की."

"कुठल्या खात्यात?"

"खात्यात न्हाय. आमच्याकडंच होता. चौदा वर्षं."

"बरं, खाजगी नोकरी. स्वभाव कसा?"

"लई गरीब. कुणाच्या अंगावर गेला न्हाय. फकस्त कुत्र्याचा राग."

"व्यसन?"

"पेंडीचं."

मुन्शीजींचा टाक थांबला. "उंची?"

"हितवर," आबांनी आपल्या छातीला हात लावला. "पर शिंगं धरली तर जास्ती भरंल."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मुन्शीजी ताडकन वळले. रागावले की त्यांची उर्दू वर येई. "तौबा! माझा मजाक करायला आलात? बैलाला मानपत्र?"

"मजाक कशाचा?" आबा जागचे हलले नाहीत. "मागल्या साहेबाच्या निरोपाला आमी वर्गणी दिली. तीन वर्षांत एकडाव गावात आला ता, त्यो बी जीपमधनं उतरला न्हाई. त्याला पानभर वाचलं. आमी टाळ्या वाजिवल्या. माझा सोन्या आता थकला. पोळ्याला त्याच्या मानंवरचं जू मी कायमचं उतरवणार. त्याला दोन सबूद नकोत? आन त्यो सरकारी नोकर न्हाय. मी कचेरीत इचारून आलोय."

आबा 'उद्या येतो' म्हणून गेले. मुन्शीजी खोलीत येरझारा घालू लागले. गावात हसं होईल, तुळजापूरला कळेल, दादा बैलांची स्तुती करून पोट भरतात म्हणतील. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "साहेबांची लिवली तवा पाय किती ते इचारलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी मुन्शीजी शेरवानी घालून आबांच्या गाडीतून गेले. नेहमीप्रमाणे चौकशी केली. गडी चांगलं बोलला. आबांची सून चांगलं बोलली. शेजारी, सुतार, सगळे चांगलंच बोलले. मुन्शीजींना संशय आला. साहेबांच्या बाबतीत सगळेच चांगलं बोलले की कुणीतरी दम दिलेला असे. म्हणून ते एक रात्र जास्त राहिले आणि बांधापलीकडच्या शेतकऱ्याकडून बैलाचा एक गुन्हा काढून आणला. तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

परत आल्यावर त्यांनी पत्र्याचा डबा उघडलाच नाही. चार दिवस फळीपुढं उभे होते. मजकूर माझ्या हातात आला तेव्हा पहिल्या ओळीपासून शिसपेन्सिलीची रेघ होती. मी पान उलटलं; रेघ चालूच.

"मुन्शीजी, ही संपते कुठं?"

"संपत न्हाय बाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता. "मखरच लागलं न्हाय."

गावात बातमी फुटली. शाळेत मोठ्या बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, म्हशींचं काम कधी घेताय?" बोळातून जाताना मुन्शीजींना कुणी 'बैलाचे मुन्शी' म्हणालं. ते ऐकू आलं नाही असं दाखवत, पण त्या दिवसांत ते बाजाराला लांबच्या वाटेनं जात.

पोळ्याला काकू आणि मीही गेलो. वेशीपाशी गाव जमलेलं. सोन्याची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. चाचांची चौकट एका गड्यानं छातीशी धरलेली. वाचायचं ठरलं होतं गावच्या मास्तरांनी. पण मास्तर ऐन वेळी मागं सरले. "मी सरकारी नोकर. परिपत्रकात फक्त 'स्वीकारू नये' आहे, पण 'वाचू नये'सुद्धा निघू शकतं."

आबा मुन्शीजींकडे वळले. "मग तुमीच वाचा."

इतकी वर्षं मुन्शीजींनी एकही मानपत्र स्वतः वाचलं नव्हतं. ते मंडपात सगळ्यांच्या मागं, खांबापाशी उभे राहत आणि टाळ्या सुरू झाल्या की निघून जात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी सारखी केली, खिशातल्या कच्च्या पानाची घडी उलगडली आणि बैलासमोर उभे राहिले.

"श्री. सोन्या यांस," त्यांनी सुरुवात केली. कुणी हसलं नाही. "आपण चौदा वर्षं या शिवारात नांगर ओढलात. बांध कुठे संपतो हे आपल्याला सांगावं लागलं नाही. मोटेवर मागे सरताना आपण घाई केली नाहीत, म्हणून मोट हाकणारा कधी पडला नाही. शेजारच्या शेतातला कडबा आपण दोनदा खाल्लात. तो मालकांनी भरून दिला आहे. ओढ्याला पूर आला तेव्हा गाडीवान हाकत असताना आपण पाण्याच्या अलीकडे थांबलात. त्यानं चाबूक मारला तरी हलला नाहीत. गाडीत आबांची सून होती. त्यानं मारलेल्या चाबकाबद्दल तो आज इथे..."

एवढ्यात सोन्या बसला. आधी पुढचे गुडघे, मग मागचं अंग, झुलीसकट धुळीत.

मुन्शीजी थांबले. कागदाची घडी घालू लागले. ऐकणारा बसला म्हणजे आपलं लांबलं, हा त्यांचा जन्माचा हिशेब.

"वाचा की फुडं," आबा म्हणाले.

"ते बसले."

"बसू द्या. चौदा वर्षांत दिवसाउजेडी पयल्यांदा बसलाय. आता त्याला कोण उठिवतंय?"

मुन्शीजींनी त्या बैलाकडे पाहिलं. आणि मग, काळ्या शेरवानीचा घोळ आवरून, त्याच्यासमोर धुळीत मांडी घालून बसले. घडी उलगडली. त्यांना बसलेलं बघून पुढची माणसं बसली, मग मागची. सगळं गाव खाली बसलं. उरलेलं मानपत्र त्यांनी बसून वाचलं, हळू, कुणाशी बोलावं तसं. ज्या गाडीवानानं चाबूक मारला होता तो उठून आला आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवून पुन्हा जागेवर जाऊन बसला.

आबांनी मोबदला जोंधळ्यात दिला. गाडीत आम्ही दोघी पोत्यांवर बसून परतलो. वाटेत काकू म्हणाल्या, "आता भाकरीवर बी लिवा. पीठ तुमच्याच शब्दाचं हाय." मुन्शीजी हसले. कधी नव्हे ते मोठ्यानं.

दसऱ्यापर्यंत तीन कामं आली. एक तालमीतल्या वस्तादासाठी, एक विहिरी खोदणाऱ्यासाठी, आणि एक लग्नाच्या जेवणावळींत चाळीस वर्षं पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी. त्या तर चक्क म्हणाल्या, "माझं खोटं काय लिवू नका, मला वाचता येत न्हाय, पर पोरं वाचत्यात." सगळी जोंधळा, तूर, गूळ घेऊन येत. फडताळाखालची जागा पोत्यांनी भरली. मुन्शीजींना फळीपुढं उभं राहायला तिरकं व्हावं लागे.

दसरा झाल्यावर भाऊ आले. त्यांनी पोती पाहिली, चिमटीत जोंधळा घेऊन पाहिला आणि खाली बसले.

"दादा, खरंच का हो बैलाची स्तुती करून?"

"व्हय."

"आमी बी तेच करतो," भाऊ म्हणाले, "फकस्त आमचा यजमान दोन पायांचा." ते हसले, मुन्शीजीही हसले. मग भाऊ गंभीर झाले. "पुढच्या वर्षी कुणी आलं न्हाई तर? पुना मी यायचं, पुना मुदत. एकदाचं काय ते ठरवा. पाळी ठेवणार का सोडणार? माझ्या पोरांना बी कळाय पायजे."

ती पाळी म्हणजे म्हातारपणाची भाकरी होती, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मुन्शीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी फळीवरची दौत आणून त्यांच्यापुढं ठेवली.

मुन्शीजींनी बसूनच लिहिलं, पोत्यावर कागद ठेवून. भावानं मोठ्यानं वाचलं: "माझ्या वाट्याची पाळी मी धाकट्या भावास कायमची दिली. मी लिहून जगतो."

"दुसरं वाक्य कशाला, दादा? कायद्याला लागत न्हाय."

"मला लागतं," मुन्शीजी म्हणाले.

त्यानंतर सात वर्षं ते होते. काही वर्षं बरी गेली, काही नाही. एका उन्हाळ्यात काकूंचं पित्त परत आलं, मग गेलं. शेवटच्या वर्षी मी उमरग्याच्या शाळेत होते. चाचांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड मला पोचलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. ते गेले त्या आठवड्यातही फळीवर एक काम अर्धं होतं, असं कार्डात होतं. कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी आबांचा नातू उमरग्याच्या बाजारात भेटला. त्यांच्या नव्या गोठ्यात सोन्याच्या मानपत्राची ती चौकट अजून आहे. काच तडकली आहे. खालचा अर्धा कागद वाळवीनं खाल्ला. वरच्या अकरा ओळी वाचता येतात.